आपांची खूण

आधी कबुली देतो, आठवणी नंतर. उलट क्रमाने लिहायला बसलो तर आठवणी सांगता सांगता मी स्वतःला बरा माणूस ठरवून मोकळा होईन, याची मला भीती आहे. तर, त्या सहा रोलांच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये हिरव्या शाईची जी खूण होती, ती आपांनी केलेली नव्हती. ती मी केली होती. आपांनी ते रोल पाहिलेही नव्हते. आणि ती खूण आपांचीच आहे, असं सगळ्यांना समजू दिलं तेही मीच. एक दिवस नाही, तीन वर्षं.

आता आपांविषयी.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमचा लेबलांचा प्रेस आहे. ‘आमचा’ म्हणायची सवय लागली आहे. मालक मी नाही, मी संगणकाचं काम बघतो. पूर्वी आम्ही लोणच्याच्या बरण्या आणि औषधांच्या बाटल्या यांची लेबलं छापायचो. करोनानंतर जो तो क्यूआर कोड मागायला लागला. हॉटेलला मेन्यूसाठी, डेअरीला पिशवीसाठी, कारखान्याला प्रत्येक यंत्रासाठी. आणि नुसता काळा-पांढरा चौकोन कुणालाच नको. मधोमध कंपनीचं बोधचिन्ह हवं, रंग कंपनीचा हवा, आणि माल हजारांनी हवा. कंपनी आम्हाला एक्सेलची यादी पाठवते. एका कॉलममध्ये नंबर, शेजारच्या कॉलममध्ये त्या नंबरची लिंक. संगणक प्रत्येक ओळीचा वेगळा कोड बनवतो, यंत्र छापतं, आणि लेबलांचा लांबच लांब पट्टा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून रोल तयार होतो. दिसायला सगळी लेबलं सारखी. यातलं कुठलं कुणाचं, हे डोळ्याला कळत नाही. म्हणून चेकिंग लागतं.

आपा आमच्याकडे आल्या त्या तक्रार घेऊन. त्यांच्या गल्लीतल्या शिंप्याची कार्डं आम्ही छापली होती आणि त्यावरचा कोड उघडला की एका मंगल कार्यालयाचं पान यायचं. साठी ओलांडलेल्या, उंच, ताठ, डोक्यावरून पांढरी ओढणी घेतलेल्या बाई कार्डांचा गठ्ठा घेऊन थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरल्या.

“हे तुमीच छापलं ना?”

“हो. काय झालं?”

“राँग नंबर लागतोय.”

मालकांना वाटलं, फोन नंबर चुकला असेल. ते कार्ड उलटसुलट करून बघू लागले. आपा म्हणाल्या, “तो नाय. हा चौकोन. फोन लागतोय, पण दुसऱ्याच्या घरी लागतोय. आमचा टेलर कपडे शिवतो भाऊ, लग्नं नाय लावत.”

मालक मोठ्याने हसले. बोलता बोलता कळलं की बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तरुणपणी ट्रंक कॉल जोडायच्या, कानाला हेडफोन लावून, समोरच्या बोर्डात वायरी खुपसत. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे विचारलं, “आमच्याकडं चेकिंगला येता का?” आपांनी केबिनच्या काचेतून आत चाललेल्या यंत्राकडे पाहिलं. म्हणाल्या, “बोर्ड कुठंय?”

त्यांना जे टेबल दिलं, त्याला त्या शेवटपर्यंत बोर्डच म्हणत.

खुर्ची त्यांनी नाकारली. उंच स्टूल मागून घेतलं. “पाठ टेकली की कान झोपतो,” म्हणायच्या. चेकिंगमध्ये कानाचा काय संबंध, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. रोज सकाळी त्या एक चौकोनी स्टीलचा डबा आणायच्या. आम्हाला वाटायचं, जेवणाचा आहे. त्यात पाच जुने फोन असायचे. एकाची काच तडकलेली, एकाच्या कॅमेऱ्यावर ओरखडे, एक इतका मंद की कोड दाखवल्यावर तो विचार करेपर्यंत चहा पिऊन व्हावा. माझ्याकडे नवा कोरा फोन होता. मी एकदा म्हणालो, “आपा, हा घ्या, झटकन वाचतो.”

“तेच तर वाईट हाय. शहाण्या फोनला काय, तो अंधारातबी वाचंल. आपला माल शहाण्यांकडंच जातो क्या रे, इंजिनीयर?”

मी इंजिनीयर नाही. डीटीपीचा कोर्स करून लागलेला माणूस. हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तरी त्या मला इंजिनीयरच म्हणत. सुरुवातीला मला तो टोमणा वाटायचा. नंतर कळलं की प्रेसमध्ये त्यांनी फक्त मलाच खास नाव दिलं होतं. बाकीच्यांना त्या “ओ भाऊ” म्हणत.

‘स्कॅन’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्या फोन लावायच्या. पान उघडलं की पुटपुटायच्या, “लागला.” पण तिथे थांबायच्या नाहीत. लेबलवर कोडखाली छापलेला नंबर आणि उघडलेल्या पानावरचा नंबर, दोन्ही मोठ्याने वाचायच्या, जुळले की डावीकडे सरकवायच्या. जुळले नाहीत तर सगळ्या शॉपला ऐकू जाईल असं ओरडायच्या, “राँग नंबर!” रोलची सुरुवात, मध्य आणि शेवट, प्रत्येक ठिकाणची दहा लेबलं. मग पुठ्ठ्याच्या नळीत आतल्या बाजूला हिरव्या पेनने खूण. छोटा गोल, गोलात टिंब, आणि खाली वेळ. वेळ आपण लिहितो तशी नाही, एक्स्चेंजमध्ये लिहायचे तशी. दुपारचे पावणेचार म्हणजे १५४५. मध्ये टिंब नाही, रेघ नाही.

मालकांनी नियमच केला होता, हिरवी खूण नसेल तर माल गाडीत चढणार नाही.

गिऱ्हाइकांशी त्यांची भांडणं व्हायची ती बोधचिन्हावरून. प्रत्येकाला आपलं चिन्ह मोठं हवं. क्यूआर कोडच्या मधला थोडा भाग झाकला तरी तो चालतो, पण थोडाच. एका मिठाईवाल्याने कोड सोनेरी हवा, मागची जमीन पिवळी हवी आणि मध्ये दुकानाचं हे एवढं चिन्ह हवं असा हट्ट धरला. मी करून दिला. मला गिऱ्हाईक खूश हवं असायचं. आपांनी नमुना बाहेर उन्हात नेला, पाचही फोन लावून पाहिले आणि परत येऊन त्या गृहस्थांसमोर ठेवला.

“मालक, सगळं कपाळ कुंकवानं भरलं तर बाईचा चेहरा कसा ओळखू यायचा?”

“पण आपा, ब्रँड दिसला पाहिजे ना!”

“ब्रँड दिसतोय. फोन लागंना. लग्नाचा मांडव लई भारी हाय तुमचा, वऱ्हाड पोचंना त्याला कोण काय करणार?”

कोडभोवती जी पांढरी जागा सोडावी लागते, तिला त्या अंगण म्हणत. “अंगण सोड रे, अंगण सोड. दाराला दार लावून घर बांधतोस क्या?” असं म्हणत त्या माझ्या संगणकामागे येऊन उभ्या राहायच्या. मला राग यायचा. हेही लिहायला हवं. त्या बरोबर असायच्या, म्हणून जास्त यायचा. त्यांची “राँग नंबर” ही हाक म्हणजे माझी चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवणं होतं, कारण याद्या मी लावायचो. त्यांच्या मनात तसं नव्हतं. लाईन चुकली की ऑपरेटरने ओरडायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. पण मला ते महिन्यातून दोन-तीनदा ऐकावं लागायचं आणि मी ते मोजत होतो.

वेरूळच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलसाठी आम्ही टेबलांवर ठेवायचे मेन्यूचे कोड केले होते. माल गेला, काम संपलं. रविवारी सुट्टीच्या दिवशी आपा एसटीने वेरूळला गेल्या. देवळाला नाही, लेण्यांना नाही. त्या हॉटेलात जाऊन प्रत्येक टेबलावर बसून पाच फोन लावून आल्या. सोमवारी म्हणाल्या, “ट्यूबलाईटच्या खाली चार टेबलांना लागत नाय. कागदावर चकचकीत प्लॅस्टिक चढवलंय, उजेड मारतंय. मी वेटरला सांगून स्टँड वाकडे करून घेतले.”

“जेवलात का तिथं, आपा?”

“डबा नेलता ना.”

“हॉटेलात डबा?”

“मी जेवायला गेलते क्या?”

मालक आठवडाभर ही गोष्ट सांगून हसत होते. मीही हसायचो. पण मला तेव्हाही जाणवलं होतं की त्या दिवशी कुठल्या तरी प्रवाशाला जेवण मागवता आलं असेल, आणि ते कुणामुळे हे त्याला कधीच कळणार नाही. त्याला ते कळावं, अशी आपांची अपेक्षाही नव्हती.

हे सगळं त्या कशासाठी करतात, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. वीज गेली होती, यंत्रं बंद होती, आम्ही दोघे खिडकीशी बसलो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी कन्नड गावाहून आलेला एक कॉल शहरात जोडून दिला होता. एक अंक इकडचा तिकडे झाला. त्या “बोला” म्हणाल्या आणि पुढच्या कॉलकडे वळल्या. लाईनवर खरखर होती. पलीकडचा माणूस एवढंच ओरडला, “दादा गेले, लगेच निघा,” आणि फोन ठेवून दिला.

“ज्या घरात लागला, त्यांच्याबी घरात एक दादा बाहेरगावी गेलते. दिवसभर रडले बिचारे. आन ज्यांचे खरंच गेले, त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. मिट्टी झाल्यावर पोचले.” मग म्हणाल्या, “लागला म्हणून मी खूश झालते. कुणाला लागला ते बघितलंच नाय.”

हे ऐकून मला वाईट वाटलं होतं. मनापासून. आणि तरीही वर्षभरात मी जे केलं ते केलं. माणसाला एखादी गोष्ट ऐकून वाईट वाटतं, म्हणजे ती त्याला कळलीच असं नाही.

शेंद्र्याच्या एका पंप कारखान्याचं काम होतं. प्रत्येक पंपावर एक कोड. तो उघडला की त्या पंपाचा नंबर, चाचणीचा अहवाल आणि वायरिंग कशी जोडायची त्याचं चित्र. काही पंप घरच्या साध्या विजेवर चालणारे, काही थ्री फेजचे. आधीच्या रोलांचं काम नीट पार पडलं होतं. शेवटचे सहा रोल कारखान्याला नंबरांच्या क्रमाने हवे होते. मी यादी क्रमाने लावली. लावताना नंबरांचा कॉलम निवडला. संगणकाने विचारलं, शेजारचा कॉलमही सोबत हलवू का? हा प्रश्न तो नेहमी विचारतो आणि मी नेहमी हो म्हणतो. त्या दिवशी घाईत नाही दाबलं. नंबर आपापल्या जागी गेले, लिंका होत्या तिथेच राहिल्या. प्रत्येक पंपाला दुसऱ्याच पंपाचं पान लागलं.

रोल तीनच्या सुमारास छापून झाले. चारला आपांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशनची तारीख घ्यायची होती. जाताना म्हणाल्या, “इंजिनीयर, ते सहा रोल सकाळी लावते. तवर हलवू नको.”

“नाही हलवत, आपा.”

पाचला कारखान्याचा फोन आला. लेबलं आजच हवीत, नाहीतर उद्या पॅकिंग बंद पडेल. मालक पुण्याला गेले होते. मी लोडिंगवाल्या मामांना म्हणालो, “मामा, हे सहा भरा.”

मामांनी एकेक नळी डोळ्याला लावून पाहिली. “हिरवं नाय, सर.”

“मी सांगतोय ना.”

“तुमी सांगताय. पण हिरवं नाय. मालक काय म्हणले ठावं हाय ना?”

मी रोल उचलून आपांच्या टेबलापाशी नेले. तिथल्या पेल्यातल्या पेनांत हिरवा पेन होता. एका लेबलवर माझा फोन धरला. पंप कारखान्याच्या निळ्या बोधचिन्हाचं पान उघडलं. लागला. एवढं मी पाहिलं. नंबर वाचला नाही. मग सहा गोल काढले, सहा टिंबं दिली आणि खाली वेळ टाकली, ३.३०. साडेतीनला आपा प्रेसमध्ये होत्या, म्हणून ती वेळ. मामांना म्हणालो, मघाशी चुकून दुसरेच रोल आणले, आपांनी तपासलेले हे. हे मी विचार करून केलं. घाईत झालं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. पण घाईतला माणूस वेळ निवडत बसत नाही.

सकाळी आपांनी विचारलं, “रोल कुठंत?”

“गाडी आली होती. पाठवले.”

“देखे क्या?”

“हो, बघितले.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग डबा उघडून फोन मांडू लागल्या.

तीन आठवड्यांनी कन्नडच्या एका मेकॅनिकने घरगुती पंपावरचा कोड उघडला. थ्री फेजचं चित्र आलं. त्याने चित्राप्रमाणे वायरी जोडल्या आणि मोटार जळाली. मग आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. कारखान्याने उरलेली लेबलं रोलांसकट परत पाठवली.

मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नळ्या पडल्या होत्या. मी लगेच म्हणालो, “साहेब, यादी लावताना चूक माझी झाली. एक कॉलम हलला, दुसरा राहिला.” मालक म्हणाले, “बघा आपा, यांनी लगेच मान्य केलं. असं पाहिजे.” मला शाबासकी मिळाली. खरं म्हणजे मी छोटी गोष्ट पुढे केली होती, म्हणजे मोठीकडे कुणी बघू नये. यादीची चूक कुणाचीही होते. तिच्यासाठी कुणी कुणाला कामावरून काढत नाही.

“पण ती पकडायची म्हणून तर चेकिंग आहे,” मालक म्हणाले. “एक लेबल जरी वाचलं असतं तरी कळलं असतं. आपा, ही खूण तुमचीच ना?”

आपांनी नळी हातात घेतली. उजेडाकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. केबिनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मी वाट पाहत होतो की त्या आता नाही म्हणतील, आणि नाही म्हणाल्या तर काय उत्तर द्यायचं ते मनात तयार करत होतो.

त्यांनी नळी खाली ठेवली. म्हणाल्या, “निशाण माझंच हाय.”

मालकांचा आवाज मऊ झाला. “डोळ्यांमुळं झालं असेल. आता चेकिंग राहू द्या, आपा. पॅकिंगला बसा. आरामाचं काम आहे.”

मी काहीच बोललो नाही. माझी मुलगी त्या वर्षी बारावीला होती, प्रेसमध्ये मला वीस वर्षं झाली होती. अशी कारणं माझ्याजवळ पुष्कळ होती आणि सगळी खरी होती.

आपा दीड महिना पॅकिंगला बसल्या. त्या दिवसानंतर त्यांनी मला इंजिनीयर म्हटलं नाही. “साहेब, सरका.” “साहेब, चिकटपट्टी कुठं?” एवढंच. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या परत आल्या नाहीत.

त्या गेल्यावर त्यांचं नाव मात्र प्रेसमध्ये राहिलं, आणि फार वाईट रीतीने राहिलं. न बघता कुणी सही केली की लोक म्हणू लागले, “आपा-चेक केलास काय?” मालक नव्या लोकांना काम समजावताना गोष्ट सांगायचे, “आमच्याकडं एक बाई होत्या, दिसत नव्हतं तरी खूण करायच्या.” आपांना कधी न पाहिलेली माणसं तो शब्द वापरायला लागली. जी बाई रविवारी स्वतःचा डबा घेऊन वेरूळला टेबलं तपासायला गेली, तिचं नाव आमच्याकडे कामचुकारपणाचं नाव झालं.

गेल्या महिन्यात मालकांनी नव्या पाच-सहा जणांना पुन्हा ती गोष्ट सांगितली. सगळे हसले. मीही हसलो, सवयीने. आणि माझं ते हसणं मला वेगळं ऐकू आलं. त्या रविवारी मी रोशन गेटच्या मागे आपांचं घर शोधत गेलो.

दार उघडंच होतं. मी बाहेरून म्हणालो, “आपा...”

आतून आवाज आला, “या साहेब. आवाज वळखला.”

त्या पलंगावर बसून पेपर वाचत होत्या. चष्मा नव्हता. मी काही बोलायच्या आत शेजारची नवी सून औषधाची पट्टी घेऊन आली. “खाला, याच्यावर तारीख बघा ना, लई बारीक हाय.” आपांनी पट्टी हातभर लांब धरली आणि महिना-वर्ष वाचून सांगितलं. त्या मुलीचं माझ्याकडे लक्ष गेलं. “सर, तुमी? इथं?” ती आमच्याच प्रेसमध्ये पॅकिंगला लागली होती, त्या नव्या लोकांपैकी. मी काहीतरी पुटपुटलो. ती गेली.

मग मी सांगितलं. बसून सांगता येईना, म्हणून उभा राहून सांगितलं. पेन, सहा गोल, वेळ, सगळं.

आपांनी पेपरची घडी घातली. “मालूम था. त्या दिवशीच. तू तीन-टिंब-तीस लिहिलंस. मी कधी असं लिहिलंय?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? बोर्ड सोडून उठले मी, पेन उघड्यावर ठेवलं मी. ती चूक माझीच हाय, ती मी घेतली.” त्या आता माझ्याकडे सरळ बघत होत्या. “आन तू समोर उभा होतास. मला वाटलं, आता बोलंल, आता बोलंल. त्या नळीत बघण्यासारखं काय होतं रे? मी तुला टाईम देत होते. लई टाईम दिला.”

मी म्हणालो, “मला माफ करा, आपा.”

“मेरेकू कायकू बोलता?” त्यांचा आवाज चढला. “मेरेकू तो मालूम था! ज्यांना नाय मालूम, त्यांना सांग. ही आत्ता आली ना पोरगी, ती गेल्या आठवड्यात मला हसत हसत सांगत होती, खाला, आमच्याकडं एक ‘आपा-चेक’ असतंय. गल्लीत मला समदे खाला म्हणतात. तिला काय ठावं, ती आपा मीच हाय. मीबी हसले. काय करणार?”

त्यांनी मला चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

सोमवारी सकाळी मी मालकांना केबिनमध्ये सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नोकरीचं काय ते आपण नंतर बघू. पण हे बाहेर कशाला? आपण दोघं जाऊन त्यांना भेटून येऊ.”

मी म्हणालो, “साहेब, तो शब्द बाहेर आहे.”

चहाच्या सुट्टीत यंत्रं थांबली. सगळे पॅकिंगच्या टेबलांपाशी जमले होते. लोडिंगवाले मामा होते, नवे लोक होते, शेजारची सून हातात कप घेऊन मागे उभी होती. मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मी म्हणालो, “दोन मिनिटं ऐका.” काहींना वाटलं, नव्या ऑर्डरबद्दल आहे.

“तीन वर्षांपूर्वी शेंद्र्याच्या पंपांचे सहा रोल चुकीचे गेले. यादी मी चुकवली होती, हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. त्या रोलांवरची हिरवी खूणही मीच केली होती, हे कुणालाच माहीत नाही. मामा, तुम्ही खुणेशिवाय माल भरायला नाही म्हणालात, तेव्हा मी आपांच्या टेबलावर जाऊन त्यांच्या पेनने ती काढली. आपांनी ते रोल पाहिले नव्हते. मला हलवू नको म्हणून सांगून त्या गेल्या होत्या. तुम्ही ज्याला आपा-चेक म्हणता, ते आपांनी कधीच केलं नाही. ते मी केलं. न बघता खूण करणारा माणूस मी आहे.”

मी शेजारच्या सुनेकडे पाहून म्हणालो, “काल ज्यांनी तुमच्या औषधाची तारीख वाचली, त्या खाला म्हणजेच आपा.” तिने कप खाली ठेवला.

“मी त्यांची माफी त्यांच्या घरी मागितली. पण त्यांचं नाव मी तिथे नाही, इथे खराब केलं. म्हणून इथे तुमच्या सगळ्यांसमोर मागतो. आपा, मी तुमच्या हाताची खूण चोरली, आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा.”